इंजन बाहेर, माणूस आत

अब्बा,

हे तुम्हाला लिहिते आहे, आणि तुमच्याबरोबर त्या सगळ्यांना, ज्यांनी दुसऱ्याच्या मंडपात उजेड नेला आणि स्वतः मंडपामागं, चालत्या इंजनाच्या उशाशी झोपले. आपली तक्रार एकच आहे. उजेड पडला हे सगळ्यांनी पाहिलं. तो पाडणारा कुठं झोपला हे कुणी विचारलं नाही. आणि सकाळी तो उठला नाही, तेव्हा त्याला भाग्यवान म्हणून सगळे मोकळे झाले.

बघा, भाषणासारखंच सुरू झालं. इतकी वर्षं सभांमधून बोलून जिभेला हीच सवय लागली आहे. तुमच्याशी मी मराठीत कधी बोललेच नाही. घरात आपली दखनी. पण दखनीत मला तुमच्यावर रागावता येत नाही. त्या भाषेत तुम्ही मला घास भरवलेत, ताप आला तेव्हा त्याच भाषेत कपाळावर हात ठेवलात. मराठी मी शाळेत शिकले, मिळेल ते पुस्तक वाचून वाढवली, आणि पुढं जन्मभर हुज्जत घालायला वापरली. तेव्हा आज मराठीच.

तुमची गाडी मला अजून वासासकट आठवते. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, त्यासोबत सरकारी मोटारींच्या कारखान्यातली तुमची फिटरची नोकरी गेली. मग कुठून तरी लष्कराच्या लिलावातली एक जुनी बंद गाडी तुम्ही उमरग्याला आणलीत. एके काळी जखमी सोजिरांना नेणारी. हिरव्या रंगाचे दोन हात दिले तरी खालची लाल फुली उन्हात वर यायचीच. खेड्यात शिरलो की पोरं ती फुली बघून ज्वारीत पळायची, देवी टोचणारे आले म्हणून. आत एकावर एक दोन लोखंडी फळ्या होत्या, माणसं आडवी घालायच्या. खालच्या फळीवर तुम्ही झोपायचात, वरच्या फळीवर भोंगे आणि वायरची भेंडोळी घोंगडीत गुंडाळून ठेवायचात. चार घड्या, कडा आत, आणि शेवटचं टोक घडीखाली खोचलेलं. वर्षातले निम्मे महिने तुमचं घर तेच. चुलीचे दगडसुद्धा गाडीत असायचे. आंबाड्याची भाजी तुम्ही अम्मीपेक्षा चांगली करायचात, आणि घरी गेल्यावर तिला सांगू नको म्हणायचात.

लग्न, उरूस, जत्रा, पुढाऱ्यांच्या सभा, नव्या रस्त्याचं उद्घाटन. जिथं वीज नव्हती, म्हणजे सगळीकडं, तिथं आपलं इंजन फटफटायचं. शाळेला सुट्टी लागली की मी तुमच्याबरोबर. पोरीच्या जातीला कशाला गावोगाव हिंडवता, असं नातेवाइकांनी विचारलं, त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही कुणालाच काही बोलत नव्हता. फक्त दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवून निघालात. तेव्हा मला ते धाडस वाटलं होतं.

बोलायला मला तुम्हीच शिकवलंत, आणि तेही न बोलता. येडशीजवळ रामलिंगाला श्रावणातली जत्रा होती. खाली दरीत देऊळ, वर जंगल. तुम्ही भोंगे झाडाला बांधलेत आणि तपासून बघायला माईक माझ्या हातात दिलात. मी नुसतं माझ्या शाळेचं नाव घेतलं. ते समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं. माझा आवाज, माझ्यापेक्षा मोठा होऊन, सगळ्या जत्रेवरून फिरून माझ्याकडं परत येतो आहे. मी घाबरून तुमच्याकडं बघते, तर तुम्ही मान हलवता: अजून बोल. त्या दिवशी हरवलेली पोरं, सापडलेल्या चपला, नारळाच्या दुकानापुढं गर्दी करू नका, सगळं मीच सांगितलं. बापानं लेकीला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी दागिने सांगत नाही, डोंगर सांगते.

आणि त्याच जत्रेत तुम्ही मला मारलंत. पहिल्यांदा आणि शेवटचं. दुपारभर भुरभुर चालली होती, वारा गाडीत पाणी आणत होता. मी वरच्या फळीवर पडले होते, थंडी वाजली म्हणून गाडीचं मागचं दार ओढून घेतलं. इंजन तर बाहेर होतं, चांगलं लांब. तरी तुम्ही धावत आलात, दार उघडलंत, "दरवाजा कौन लगाया?" म्हणालात आणि उत्तराआधीच थप्पड दिलीत. मग माझं रडणं थांबेपर्यंत तुम्ही पायरीवर बसून राहिलात आणि कारखान्यातली गोष्ट सांगितलीत. तुमच्याबरोबरचा एक फिटर थंडीच्या दिवसांत शटर ओढून, इंजन चालू ठेवून काम करत बसला होता. उघडून बघतात तर हातात पाना तसाच, आणि माणूस भिंतीला टेकून झोपल्यासारखा. नाक चुरचुरलं नाही, खोकला आला नाही. दिसतो त्या धुराला भिऊ नको, म्हणालात, ज्याला ना वास ना रंग, त्याला भी; तो त्याच्याच पोटात असतो.

तेव्हापासून तुमचे नियम मला पाठ. इंजन बाहेर, माणूस आत. याची उलटापालट कधी नाही. इंजन उघड्या जमिनीवर, वायर पुरेल तितकं लांब, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वारा कुठला ते बघायला तुम्ही विडी पेटवायचात आणि ओढायच्या आधी तिच्या धुराकडं बघत राहायचात. रात्रीत वारा फिरला तर इंजनही फिरवायचं. नळी गाडीकडं तोंड करून नको. दाराला वीट, दार लागता कामा नये. तेल ओतायचं ते इंजन बंद करून, निवल्यावर. आणि रात्रभर चालवायचंच असेल तर एकानं जागायचं; जागायला कुणी नसेल तर इंजन बंद, गॅसबत्ती चालू. एवढं सगळं तुम्हाला येत होतं, अब्बा. ज्याला येत नव्हतं त्याच्यावर मी रागावले नसते.

ते गाव तेरणेकाठचं, माकणीच्या वाटेवरचं. नाव लिहीत नाही. माघातला अखंड हरिनाम सप्ताह होता. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, पहारेकऱ्यांनी पाळीपाळीनं ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, नंदादीप विझू द्यायचा नाही. हे सगळं त्यांच्या वाडवडिलांपासूनचं. त्या वर्षी पहिल्यांदाच वीज बोलावली होती, आपली. बसायच्या दिवशी पाटलांनी नंदादीप लावला, आणि त्याच हातानं वीणेवरच्या बल्बाचं बटन दाबलं. लोकांनी टाळी वाजवली, महाराजांनी हात जोडले. बस. त्या क्षणापासून तो बल्बही अखंड झाला. कुण्या पोथीत लिहिलं होतं? कुठल्या संतानं सांगितलं होतं? दिव्यात तेल घालावं तसं इंजनात तेल घालत राहायचं, विझला तर सप्ताहाला खंड पडला, असं साऱ्या गावानं एका दिवसात ठरवून टाकलं. तुम्ही पहिल्या रात्री बंद करायला गेलात तर चार माणसं आडवी आली. मग तुम्ही रात्री जागून काढल्यात आणि दिवसा मला इंजनापाशी बसवून डोळा लावलात. मला रात्री पाटलांच्या घरी झोपायला धाडलंत. पाटलीणबाई मला आपल्या लेकींमध्ये, त्यांच्याच वाकळेत घ्यायच्या, आणि सकाळी दशम्या द्यायच्या, तुमच्यासाठी वेगळ्या बांधून. वाईट माणसं असती तर माझं काम सोपं झालं असतं.

शेवटून दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाटील आले, बरोबर मंडळी. तुम्ही चुलीपाशी होता, मी कांदा चिरत होते.

"मामू," पाटील म्हणाले, "इंजनाच्या फटफटीत वीणा ऐकू यीना बगा. आज जागर हाय."

तुम्ही उभं राहून हात पुसलेत. इंजन अजून लांब नेतो म्हणालात, वायर कमी आहे ती सकाळी उमरग्याहून आणतो. सकाळचं सकाळी, ते म्हणाले, आजचं काय? तुम्ही गॅसबत्ती सुचवलीत. त्यावर ते असे बघायला लागले जणू तुम्ही वीणा जमिनीवर ठेवायला सांगितली. मग कुणीतरी म्हणालं, गाडीत घाला की, दारं लावली की आवाज आतल्या आत.

"गाडीत न्हाय घालता येत, मालक. धूर असतो," तुम्ही म्हणालात.

हे तुम्ही म्हणालात. माझ्या कानांनी ऐकलं. तुमच्या तोंडून निघालेलं ते एकमेव न्हाय मी आजवर जपून ठेवलं आहे. तुम्ही तिथंच थांबला असतात तर!

मागून एकजण हसत म्हणाला, "मामू, तुमची बांग चालू असती अन् आमी मधी फटफट लावली असती, तर चाललं असतं का वं?"

सगळे हसले. त्यात विष नव्हतं, मी शपथेवर सांगते. तो माणूस तुम्हाला रोज तंबाखू द्यायचा. पाटीलही हसले. आणि तुम्हीही हसलात. मी तुमच्याकडं बघत होते. ॲक्शनच्या साली आम्हाला मावशीकडं पाठवून तुम्ही एकटे घरात राहिला होता, तेव्हा काय पाहिलंत ते कधी सांगितलं नाहीत. पण त्यानंतर चार माणसं एकदम हसली की तुम्ही आधी त्यांच्या हातांकडं बघायचात आणि मग हसायचात. तसंच हसलात. म्हणालात, "तुमी म्हणाल तसं, मालक."

चौघांनी उचलून इंजन गाडीत ठेवलं. मी म्हटलं, अब्बा, दार? तुम्ही म्हणालात, खिडकी उघडी ठेवतो, तू जा, पाटलीणबाई वाट बघत असतील. मी गेले.

पहाटे आवाज थांबला म्हणून मी जागी झाले. टाकीतलं तेल संपलं होतं, बल्ब विझला होता, मंडपात कालवा चालला होता. मी पोचले तेव्हा त्यांनी दार उघडलं होतं. तुम्ही खालच्या फळीवर कुशीवर होता, अंगावर नुसती चादर. माघाच्या थंडीत नुसती चादर. तुमची घोंगडी खिडकीत होती. चार घड्या, कडा आत, टोक घडीखाली खोचलेलं. बाहेरून कुणी बोळा कोंबला नव्हता, अब्बा. ती घडी तुमची होती. वीणा ऐकू यावी म्हणून तुम्ही स्वतःच्या अंगावरचं पांघरूण काढून खिडकी बुजवलीत.

बल्ब विझला म्हणून आधी लोक भ्याले. अपशकुन झाला म्हणाले. मग कुणाला तरी तुमचा चेहरा दिसला. मेलेल्या माणसासारखा तो पांढरा पडला नव्हता. गालावर लाली होती, ओठ लाल होते, इतके लाल मी तुमचे जिवंतपणी पाहिले नव्हते. तेज आलंय, एक बाई म्हणाली. बघता बघता तो शब्द मंडपात गेला. महाराजांनी माईकशिवाय, मोठ्या आवाजात सांगितलं की असं मरण योग्याला मिळत नाही, रात्रभर नाम कानी पडत या माणसानं देह ठेवला, जात कुठली का असेना. बायका रडल्या. उमरग्याला तुमची मय्यत निघाली तेव्हा ते अख्खं गाव चालत आलं, आणि पाटलांनी खांदा दिला. अम्मीला लोक सांगून गेले की तुझा नवरा भाग्याचा. ती मान हलवत राहिली. तिला दुसरं काय येत होतं? तीही तुमच्याकडूनच शिकली होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी, एका डॉक्टर मैत्रिणीच्या दवाखान्यात तिची वाट बघत बसले असताना, मी तिचं एक जाडजूड पुस्तक चाळत होते. कोंडलेल्या इंजनाच्या वायूनं माणूस गेला तर रक्ताचा रंग बदलतो आणि कातडी लाल दिसते, असं त्यात लिहिलं होतं. साधं वाक्य होतं. ते तेज होतं, अब्बा. ज्या विषानं तुम्हाला मारलं त्याच्याच खुणेला लोकांनी हात जोडले.

गाडी उभी होती तिथं त्यांनी ओटा बांधला. मामूचा ओटा. सप्ताहात पहिला नारळ तिथं फुटतो, दोन्हीकडची माणसं साखर ठेवतात. मी तुमच्याच धंद्याच्या जिवावर मोठी झाले. ज्या ज्या मंचावर उभी राहिले, तिथं मागं कुठंतरी एक इंजन चालू होतं, आणि बोलायच्या आधी मी जाऊन ते कुठं ठेवलंय ते बघायची. संयोजक हसायचे, बाई भाषणाला आल्या की तपासणीला? मजुरांना मी न्हाय म्हणायला शिकवलं, बायकांना शिकवलं. तुमचा मृत्यू मी किती सभांत सांगितला! श्रद्धेनं माझा बाप मारला, असं म्हटलं की सभा गप्प व्हायची. घोंगडीचं मात्र कुठल्याच सभेत सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्हाला उभं करावं लागलं असतं, आणि तुमचा वकील मीच.

गेल्या आठवड्यात पाटलांचा नातू आला होता. शिकलेला, नम्र. ओट्याला फरशी घातली आहे, म्हणाला, नावाचा दगड बसवायचा आहे, आत्या, तुमच्याच हातानं. दगडावर काय कोरलंय, मी विचारलं. त्यानं अभिमानानं सांगितलं: नाम ऐकत देह ठेवला. मी म्हटलं, ते पुसा. लिहा, इथं एक माणूस इंजनाच्या धुरानं मेला. इंजन बाहेर ठेवा. लिहाल तर येते.

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "आत्या, आजोबा जाईपर्यंत त्या ओट्यापाशी कधी बसले न्हाईत. उभेच राहायचे. लोकांना काय कळत न्हाय असं न्हाय." आणि थोड्या वेळानं, "पण सगळं गाव एकदम खोटं होतं वो त्यात."

 दुसऱ्या दिवशी मी न सांगता त्या गावी गेले. मंडप उभा राहत होता. मागं मंडपवाल्याचा बंद टेम्पो, त्यात जनरेटर, त्याच्या शेजारी अंथरूण, आणि एक तरणी बाई स्टोव्हवर भाकरी भाजत होती. तिचा नवरा वायरी ओढत होता. रात्री कुठं झोपता, विचारलं. इथंच की, ती म्हणाली, थंडी लई हाय, दार लावलं की ऊब राहते, आन् आवाजाचा तरास न्हाय कुणाला. तुमचाच ओटा तिथून ढेकूळ फेकलं तर पोचेल इतका जवळ. तिनं त्यावर पिठाचं ताट ठेवलं होतं.

नातवाला बोलावून घेतलं. मी म्हटलं, हे यंत्र पलीकडच्या पडीक रानात जाईल, वाऱ्याच्या खाली, मी दाखवीन तिथं. ही दोघं तुझ्या घरी झोपतील. रात्री राखणीला गावातली माणसं पाळीनं बसतील, वीणेला उभी राहतात तशीच. आणि हे यंदापुरतं नाही. तो म्हणाला, पाळ्या लावू, लांब वायर आणू, सगळं करू. मग भीत भीत विचारलं, "आन् दगड?"

मला लोक ओळखतात ते माझ्या न्हायसाठी. समोर मंत्री असो की मौलवी की महाराज. त्या बाईनं भाकरी उलटली. नातू हात जोडून उभा होता, मागं चार माणसं गोळा झाली होती, त्यातला एकजण काहीतरी बोलून हसला. आणि मी म्हटलं, तुमी म्हणाल तसं.

अगदी तुमच्याच आवाजात निघालं. यात शहाणपण होतं की भीती, हे ठरवायला मी बसले नाही. पण मला तुमच्यापाशी एवढंच कबूल करायचं होतं, आणि ते कबूल करायला दुसरं कुणी नव्हतं. दगड खोटा बसणार आहे, माझ्या हातानं बसणार आहे. टेम्पो मात्र रिकामा राहील.

हा कागद टाकायला पेटी नाही. चुलीत घालीन किंवा पुस्तकात राहील. उद्या दिवेलागणीला मी ओट्यापाशी विडी पेटवणार आहे, वारा बघायला. मी माझं केलं. आता तुमची पाळी. ते लोक हसोत, वीणा ऐकू येवो न येवो, बल्ब विझो. उठा अब्बा, आणि खिडकीतली ती घोंगडी काढा.